हाडं कोणाची, कातडं कोणाचं

आमच्या भिवापूर-उमरेडकडे पोरगा शाळेत घालताना बाप मास्तरांना एकच वाक्य सांगत असे. "गुरुजी, हाडं आमची, कातडं तुमचं." मारा, पण मोडू नका, एवढाच त्याचा अर्थ. थोड्याफार फरकानं हे वाक्य महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत असावं. ऐकायला रांगडं वाटतं, पण नीट पाहिलं तर तो एक करार आहे. शेताच्या धुऱ्यासारखी मधून रेघ ओढलेली. इकडचं आमचं, तिकडचं तुमचं.

माझ्या अंगाची ही वाटणी १९७४ च्या जून महिन्यात सक्करदऱ्यातल्या एका होस्टेलच्या ऑफिसात झाली. मी तेरा वर्षांचा होतो आणि दोघांच्या मधात उभा होतो. बाबांनी वाक्य म्हटलं, रेक्टर सर हसले, मग बाबाही हसले. मला मात्र हिशेब लागेना. हाडं बाबांची, कातडं सरांचं, मग पोटात जे कालवून राहिलं होतं ते कोणाच्या वाट्याचं?

पुढं मी शिक्षक झालो आणि त्याच भागातल्या दुसऱ्या एका वसतिगृहात वीस वर्षं गृहपाल होतो. म्हणजे आधी कातडं होतो, मग कातड्याचा धनी झालो. दोन्हीकडून पाहून झालं, तरी तो हिशेब सुटला असं म्हणवत नाही. पण कुठं चुकतो ते थोडंफार दिसू लागलं आहे.

गावात शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर उमरेड, नाही तर नागपूर. छोट्या लाइनच्या गाडीनं भिवापूरहून उमरेड करत इतवारीला उतरायचं. ती लाइन १९०८ सालची, २०१९ मध्ये मोठी करायची म्हणून बंद केली. डोक्यावर पत्र्याची पेटी, हातात डालड्याचा डबा आणि तिथून पायी सक्करदरा. तेव्हाचं सक्करदरा अर्धं गाव, अर्धं शहर होतं. तलाव होता, भोसल्यांचा वाडा होता, बुधवारचा बाजार होता, उमरेड रोडनं बैलगाड्या येत. त्यामुळं आमच्या बापलोकांना सक्करदऱ्याचा भरवसा वाटे. बर्डीवर पोट्टा हरपून जाईल, इथं नाही. आपल्या गावची सडक शहरात जिथं शिरते तिथंच पोराला ठेवून द्यायचं, असा तो हिशेब होता.

प्रवेशअर्जावर पालकाचं नाव, त्याखाली 'स्थानिक पालक' आणि शेवटी 'वरील विद्यार्थ्याच्या वर्तणुकीची हमी देतो' असं छापून सहीला जागा. स्थानिक पालक म्हणून बाबांनी एका किराणा दुकानदाराचं नाव दिलं. गावची मिरची त्याच्याकडं जायची, एवढीच ओळख. भला माणूस होता. पण चार वर्षांत त्यानं मला दोनदा पाहिलं, आणि दुसऱ्या वेळी "कोणत्या गावचा रे तू?" असं विचारलं. कागदावर मात्र माझ्या वर्तणुकीची हमी त्याची.

हमी हा शब्द सक्करदऱ्याला नवा नाही. १९०८ साली राजे रघुजीराव भोसल्यांनी अशीच हमी देऊन बाबा ताजुद्दीन यांना पागलखान्यातून सोडवलं आणि आपल्या सक्करदऱ्याच्या वाड्यात ठेवून घेतलं. १९२५ साली बाबांनी देह ठेवला तोही सक्करदऱ्यातच. राजांनी सही केली आणि माणूस स्वतःच्या छपराखाली आणला. ताजबागला उर्साच्या गर्दीत गेलो की मला त्या हमीच्या कागदाची आठवण येते. आमच्या अर्जावरची हमी त्या जातीची नव्हती.

होस्टेलनं काय दिलं ते आधी सांगतो, कारण दिलं ते पुष्कळ दिलं. आम्ही साठ पोट्टे होतो. पहाटे पाचला घंटा, टाक्यावर आंघोळ, मग झाडलोट. आपला कपडा आपण धुवायचा, आपलं ताट आपण घासायचं, पाळी आली की स्वयंपाकघरात पोळ्या लाटायच्या. माझी पोळी अजून सुनेपेक्षा गोल होते, आणि हे तीच पाहुण्यांना सांगते. गावात राहिलो असतो तर पोळपाट कोणत्या बाजूनं धरतात हे मला कळलं नसतं.

पण दिवाळीला घरी गेलो आणि पहिल्याच जेवणानंतर ताट उचललं, तर मायनं ते हातातून ओढून घेतलं. "पोट्टं तिथं राबते, इथं तं बसू द्या त्याले." आजी तर चिडलीच, पोट्टीचं काम हा काऊन करते म्हणून. वीस दिवसांत मी पुन्हा ताटात हात धुऊन उठणारा झालो. पाच महिने होस्टेलनं गिरवून घेतलेलं घरानं वीस दिवसांत पुसलं. आणि प्रेमानं पुसलं, हे त्यातलं अवघड.

उलटंही होत होतं. मी दोन बहिणींमध्ये वाढलेला. दुखलं-खुपलं सांगावं, रडू आलं तर रडावं, एवढी मोकळीक आमच्या घरात होती. होस्टेलात पहिल्या रात्री पाच-सहा पोट्टे चादरीखाली मुसमुसत होते. त्यातला एक आवाज करून रडला. सकाळपर्यंत त्याचं नाव 'बाई' पडलं होतं आणि ते दहावीपर्यंत टिकलं. हजेरीला त्याचा नंबर आला की मागून कोणीतरी "बाई हजर" म्हणे आणि सर गालात हसत. चौथ्या रात्रीपासून कोणीच रडलं नाही. घरोघरी पोस्टकार्डं गेली की मुलगा रमला आहे. रमणं म्हणतात ते बहुतेक वेळा हेच असतं, रडण्याचा आवाज बंद होणं. बाप ते कार्ड चार माणसांत वाचून दाखवतो.

म्हणजे घर एक शिकवतं, होस्टेल ते विसरायला लावतं. होस्टेल एक शिकवतं, घर ते विसरायला लावतं. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक. फक्त दोघांची आपसात कधी गोष्ट होत नाही. वर्षातून एकदा फी भरताना भेट व्हायची, त्यातही "पोरगा बरा आहे ना?" "बरा आहे." संपलं.

या मधल्या मोकळ्या जागेत पोट्टे काय करत हेही सांगितलं पाहिजे, नाही तर आम्ही सगळे गरीब गाई होतो असं वाटेल. आमच्या खोलीत एक बहाद्दर होता. त्यानं घरी लायब्ररीची फी म्हणून पैसे मागवावेत, आणि होस्टेलात मामाचं लग्न म्हणून रजा घ्यावी. एका वर्षात त्यानं एकाच मामाचं तीनदा लग्न लावलं. तान्ह्या पोळ्याला घरी जातो म्हणून निघाला आणि दिवसभर नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीत नाचला. घरच्यांना वाटलं होस्टेलात आहे, होस्टेलला वाटलं घरी आहे. तो पुढं मोठ्या पदावर गेला, आणि पदावर त्याला ही विद्या उपयोगी पडली असणार.

पण त्याच जागेत कोणी बुडूही शकतं.

कुहीकडचा एक पोरगा होता, आठवीतला, आमच्या खोलीपासून दूर मागच्या ओळीत राहायचा. त्याच्या खोलीत दोन मोठी पोरं होती. ती त्याच्याकडून कपडे धुवून घेत, घरून आलेला डबा आधी तीच उघडत, रात्री पाय दाबायला लावत. कधी मारही बसे, आणि माराहून वाईटही काही झालं असावं. हे सगळं मला त्यानं स्वतः सांगितलं, पण तेव्हा नाही. तीस वर्षांनी भिवापूरच्या बस स्टँडवर गाठ पडली तेव्हा. दोघांचेही केस पांढरे. गाडीला वेळ होता म्हणून चहा घेतला, आणि तो आपणहून बोलू लागला.

त्यानं आधी बापाला सांगितलं होतं, सुट्टीत, शेतावर. बाप म्हणाला, "सराले सांग नं मंग. मी अठून काय करू?" मग त्यानं सरांना सांगितलं. सर म्हणाले, "तुझ्या वडिलांना घेऊन ये, त्यांच्यासमोर बोलू." बापाला पेरणी सोडून येणं झालं नाही. पोट्टा दोनदा इकडून तिकडं, तिकडून इकडं गेला. तिसऱ्यांदा तो कोणाकडंच गेला नाही. एका रात्री भिंतीवरून उडी मारून उमरेड रोडला लागला आणि चालत राहिला. चौथ्या दिवशी बाप त्याला हाताला धरून वापस घेऊन आला आणि ऑफिससमोर सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत दिली. सरांनी "राहू द्या, राहू द्या" म्हटलं. दोघांचंही कर्तव्य झालं. बापानं वळण लावलं, सरांनी माफ केलं. त्या दोन पोरांचं नाव त्या दिवशी कोणाच्या तोंडून निघालं नाही.

"तू पुढं कसा राहिला रे?" मी विचारलं.

"नववीत गेलो तवा माह्या खोलीत नवा पोट्टा आला. मंग मी त्याच्यापासून कपडे धुवून घेतले," तो म्हणाला आणि चहाचा कप उलटा ठेवला.

या एका वाक्यावर मी बरीच वर्षं विचार करतो आहे. त्याला कोणी वाढवलं? बापानं म्हणाल तर बाप सत्तर किलोमीटरवर होता. सर म्हणाल तर त्यांना साठ मुलं, हिशेबाच्या वह्या, शिवाय शाळेचे तास. त्याला वाढवलं त्या दोन मोठ्या पोरांनी. त्या दोघांना त्यांच्या आधीच्यांनी. बाप आणि मास्तर यांच्यात मुलाची वाटणी झाली की दोघांच्याही वाट्याला न आलेला एक तुकडा उरतो, आणि तो तुकडा पडीक राहत नाही. पडीक रानात काय माजतं ते शेतकऱ्याला सांगायला नको.

आपल्याकडं वसतिगृहांचा इतिहास मोठा आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृह उभं राहत गेलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवलं. इकडं अमरावतीला पंजाबराव देशमुखांचं श्रद्धानंद छात्रालय, नागपुरात चोखामेळा वसतिगृह. ही छपरं नसती तर खेड्यातली माझ्यासारखी हजारो पोरं सातवीनंतर गुरांमागं गेली असती. शिकलेला बाप नसलेल्या पोराला शिकायला जागा मिळाली ती इथंच.

पण या इतिहासात एक गोष्ट आपण घाईनं वाचून पुढं जातो. साताऱ्याच्या बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० साली त्या गेल्या. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांच्या खोल्या झाडत, त्यांचे मळके कपडे धुवून ठेवत, आजाऱ्याच्या उशाशी बसत. मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' रोज हातानं लिहून काढत. स्वतःचं मूलबाळ नसलेला हा माणूस. मराठीत आईवरचं सर्वांत वाचलं गेलेलं पुस्तक त्यानं १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि त्या पुस्तकातला श्याम आईच्या आठवणी सांगतो तो घरात बसून नव्हे, आश्रमातल्या सोबत्यांना, रात्री प्रार्थनेनंतर. घरापासून दूर राहणाऱ्यांमध्ये त्यानं आई आणून बसवली. आईची जागा मला द्या, असं तो कुठं म्हणत नाही.

आपण केलं काय, तर या माणसांचे फोटो भिंतीवर लावले आणि धरून चाललो की भिंतीतच त्यांचं मन उतरलं आहे. सरकारनं वसतिगृहं काढली, संस्थांनी काढली, अनुदान आलं, पद आलं, पदाला पगार आला. लक्ष्मीबाईंच्या पदाला मात्र मंजुरी नव्हती.

बाईमाणसावरून आठवलं. आमच्या होस्टेलच्या फाटकावर पाटी होती, 'स्त्रियांना आत प्रवेश नाही'. नियमामागं कारण असेल. पण त्यामुळं आमच्या मायांनी, आपलं लेकरू झोपतं कुठं, जेवतं कशात, हे कधी पाहिलं नाही. अर्जावर सही बापाची, भेटीला बाप, पत्र लिहिणारा बाप. बुधवारी बाजाराच्या दिवशी आमच्याकडच्या दोन-चार बाया मिरची, जवस, लाखोळीची डाळ घेऊन सक्करदऱ्याला येत. बाजार उठला की फाटकाबाहेर गटाराच्या कठड्यावर बसून राहत. शाळा सुटून पोट्टे आले की पदराखालून पुडी काढून देत. एकदा माझी माय अशी बसली होती. तिनं पुडी दिली आणि माझं मनगट धरलं. दोन बोटांत धरून पाहिलं, फक्त एवढंच, आणि म्हणाली, "वाळला तू." रेक्टर सरांच्या वहीत माझं वजन दोन किलोनं वाढलेलं होतं. दोन्ही खरं होतं. वाढलं ते उंचीमुळं. पण तिचं माप कोणत्या वहीत लिहायचं?

आत येऊ शकणारी एकच बाई होती, आमची स्वयंपाकीण. सोमवारी क्वार्टरकडून पायी यायची. तिला सही येत नव्हती, पगाराला अंगठा. पण साठातला कोणता पोट्टा आज दोनाऐवजी एकच पोळी घेऊन उठला हे तिला माहीत असे. पंगत उठल्यावर ती त्याला मागच्या दारानं हाक मारी. "काऊन रे बाबू, घरून कार्ड आलं का?" बहुतेक वेळा तेच असे. कोणाची बहीण आजारी, कोणाचा बैल मेला. कधी दुसरंही काही निघे. कुहीच्या त्या पोराबद्दलही तिनं सरांना सांगितलं होतं म्हणे, की मागच्या ओळीतलं पोट्टं जेवत नाही. सरांनी भाजी चांगली करायला सांगितली.

मी गृहपाल झालो तेव्हा ती नव्हती, पण तिची रीत मी उचलली. हजेरीपट सहाय्यकाकडं दिला आणि स्वतः पंगतीत उभा राहू लागलो. हजेरीत पोरगा फक्त असतो किंवा नसतो. ताटात जास्त दिसतं.

१९९६ च्या पावसाळ्यातली एक रात्र सांगतो. नागभीडच्या पलीकडचा, नववीतला पोरगा, पोट धरून गडाबडा लोळायला लागला. रिक्षा करून मोठ्या दवाखान्यात नेला. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स, आत्ताच्या आत्ता कापावं लागेल, संमतीवर सही करा. गावात फोन एक, तोही पावसानं बंद. रात्रीचे दोन वाजलेले. मी पेन काढलं. टेबलामागचा माणूस म्हणाला, "नातं?"

"गृहपाल."

"ते नातं नाही ना सर. इथं नातं लिहावं लागते."

त्याचं काही चुकत नव्हतं. रकानाच तसा होता. मी 'पालक' लिहिलं आणि सही केली. ती करताना मला जे समजलं ते वीस वर्षांच्या नोकरीत दुसऱ्या कशानं समजलं नाही. तिथं अर्धी सही चालत नव्हती. हाडांची बापाकडून आणि कातड्याची माझ्याकडून, असं होत नव्हतं. पोट फाडायचं होतं, आणि पोट करारात कोणाच्याच नावावर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाप पोचला, नखशिखांत भिजलेला. पोराच्या कपाळाला हात लावला, सलाईनच्या नळीकडं पाहिलं, मग बाहेर येऊन मला म्हणाला, "सही कोणं केली?"

"मी केली."

"काही बरंवाईट झालं असतं तं?"

"तर तुमच्या दारात मीच आलो असतो सांगायला. दुसऱ्या कोणाला पाठवलं नसतं."

तो बराच वेळ ओला शेला पिळत उभा राहिला. मग म्हणाला, "मंग तुमी मामाच झाले जी त्याचे." त्यानंतर दरवर्षी धान निघालं की तो तांदळाची थैली घेऊन यायचा, आणि आपल्याच नाही, खोलीतल्या चारही पोरांची चौकशी करून जायचा. माझी जबाबदारी पूर्ण झाली म्हणून त्याची कमी झाली नाही. उलट वाढली. जमिनीच्या वाटणीत एकाचं वाढलं की दुसऱ्याचं घटतं. पोराच्या बाबतीत ते गणित लागू नाही, आणि आपण मात्र सातबाऱ्यासारखंच मांडत आलो.

हे गणित चुकल्याची किंमत कधीकधी फार मोठी असते. २०१६ साली डॉ. सुभाष साळुंखे समितीनं आश्रमशाळांतल्या मृत्यूंविषयी अहवाल दिला. आधीच्या पंधरा वर्षांत दगावलेल्या मुलांचा आकडा हजारावर होता. साप, ताप, पाणी, कारणं अनेक. मी ज्या शाळा जवळून पाहिल्या तिथं एक रीत होती. मूल आजारी पडलं की बापाला निरोप धाडायचा, 'घेऊन जा'. शाळेच्या हद्दीत काही होऊ नये ही काळजी. बाप येणार दोन दिवसांनी, गावाला दवाखाना नाही, तापलेलं लेकरू एसटीत. त्या दोन दिवसांत आणि त्या एसटीत ते मूल कोणाचं असतं? नंतर सानुग्रह अनुदानाचा धनादेश मात्र बापाच्या नावानंच निघतो. तेवढ्यापुरतं नातं पक्कं असतं.

आता कातड्याचा भाग कायद्यानं संपवला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं मुलाला मारणं आणि मानसिक छळ, दोन्ही बंद. चांगलं झालं. काही जुने मास्तर म्हणतात, आता पोरं हाताबाहेर गेली. मला ते पटत नाही. छडीनं पोरं हातात होती असं मला कधी दिसलं नाही, फक्त समोर गप्प बसत. मात्र कातडं गेलं म्हणून करार गेला नाही. त्याचा नवा मजकूर तयार झाला आहे. पैसे आमचे, पोरगा तुमचा. आज सक्करदऱ्यापासून नंदनवनापर्यंत घरोघरी खोल्या पाडून खासगी होस्टेलं निघाली आहेत. वर्ध्या-गडचिरोलीकडून पोरं क्लाससाठी येतात. बाप फी ऑनलाइन भरतो, आई रात्री व्हिडिओ कॉलवर ताट दाखवायला सांगते. पोरगा ताट दाखवतो. दाखवून झाल्यावर जेवतो की नाही ते पाहायला तिथं आमची स्वयंपाकीण नाही, डबा येतो. अंतर सत्तर किलोमीटरवरून हाताएवढं झालं, पण मधली जागा अजून तेवढीच रुंद आहे, आणि मामाचं लग्न लावणं तर आता आणखी सोपं झालं.

मग मुलांना होस्टेलात घालूच नये का? गावात राहणाऱ्याला हा प्रश्न विचारणं मला शहरी चैन वाटते. जिथं आठवीची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर नाही, तिथं हा पर्यायच नसतो. आणि घरात वाढलेलं पोरगं आपोआप नीट वाढतं असंही नाही. दारूड्या बापाच्या हाताखालून सुटून होस्टेलात पहिल्यांदा शांत झोपलेली पोरं मी पाहिली आहेत. त्यांना दिवाळीची सुट्टी नको असायची.

माझा पुतण्या उमरेडला असतो. त्याचा मुलगा पुढच्या वर्षी आठवीत जाईल. एका निवासी शाळेचं रंगीत माहितीपत्रक घेऊन तो परवा आला. निकाल, मैदान, सोलरचं गरम पाणी, सगळं त्यात होतं. मी म्हटलं, रविवारी पालक-भेटीला जाऊ नको, त्या दिवशी सगळं धुतलेलं असते. मधल्या वारी जा. न्हाणीघरांना आतून कडी आहे का पाहा. रात्री मुलांच्या ओळीत कोण झोपते ते विचार. चौकीदार म्हणाले तर त्याच्याशी बोल. आठवीच्या खोलीत दहावीची पोरं ठेवतात का विचार. आणि तू जाशील तो जा, पण सूनबाईला ने, तिला स्वयंपाकघरात बसू दे.

तो मंगळवारी जाऊन आला. सूनबाई तिथं तासभर बसली, कांदे चिरू लागली. स्वयंपाक करणाऱ्या बाईला तिनं विचारलं, आज कोण कमी जेवलं? बाईनं दोन पोरांची नावं सांगितली, आणि त्यातल्या एकाचा दात दुखतो म्हणून त्याला खिचडी वेगळी काढून ठेवली होती तीही दाखवली. ऑफिसात विचारलं तर त्यांना दाताचं माहीत नव्हतं. पुतण्याला वाटतं नाही पाठवावं, ऑफिस बेफिकीर आहे. सूनबाईला वाटतं पाठवावं. माहितीपत्रकावर फोन नंबर सगळे ऑफिसचे आहेत, पण येताना तिनं त्या बाईचा नंबर लिहून आणला. दोघांचं अजून ठरलेलं नाही. जूनला वेळ आहे.